वाकाटकांची राजधानी कशी पाहावी?

राजधानी म्हटली की तट, दरवाजे, प्रासाद आणि सिंहासन यांचे चित्र मनात उभे राहते. विदर्भातील प्राचीन राजधान्या या अपेक्षेस उतरत नाहीत. तेथे प्रवाशाला शेते, पांढरीची टेकाडे आणि विटांचे पाये दिसतात. पुष्कळ जण 'येथे पाहण्यासारखे काही नाही' असा निष्कर्ष काढून परततात. वस्तुतः येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र पाहण्याची रीत ठाऊक असावी लागते. प्रत्येक अवशेषाला तीन प्रश्न विचारावेत : हा कोणत्या काळातील? त्यास पुरावा कोणता? आणि हे वैभव कोणाच्या श्रमांवर उभे राहिले?

औद्योगिक वसाहतीमुळे परिचित असलेले बुटीबोरी हे अशा अभ्याससहलीसाठी सोयीचे ठिकाण आहे. येथून एक वाट वर्ध्याकडे, पवनारला जाते. दुसरी नागपूर ओलांडून जबलपूर मार्गाने मनसर, रामटेक आणि नगरधनकडे जाते. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या मुख्य शाखेच्या राजधान्यांचा शोध याच दोन वाटांवर घ्यावा लागतो. या घराण्याची दुसरी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथे होती.

नंदिवर्धन

रामटेकजवळील नगरधन हेच प्राचीन नंदिवर्धन होय, याविषयी अभ्यासकांत बरेच ऐकमत्य आहे. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक नृपती दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. तिचा पुणे येथे मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. पुढे २०१५ ते २०१८ या काळात राज्याचे पुरातत्त्व संचालनालय आणि डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मृण्मुद्रा मिळाली. ताम्रपटातील नाव आणि भूमीतून निघालेली मुद्रा परस्परांस दुजोरा देतात. इतिहासात पुरावा म्हणतात तो असा.

येथे प्रवाशाने एक सावधगिरी बाळगावी. नगरधनला आज जो किल्ला उभा आहे तो नागपूरकर भोसल्यांच्या काळातील आहे. त्याच्या तटाला वाकाटकांचा तट समजणे म्हणजे तेराशे वर्षांचे अंतर एका दृष्टिक्षेपात पुसून टाकणे होय.

प्रवरपूर : दोन दावे

प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने राजधानी हलवून प्रवरपूर वसवले. त्याच्या अकराव्या राज्यवर्षाचा बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनहून, तर अठराव्या वर्षाचा चम्मक ताम्रपट प्रवरपूरहून दिलेला आहे. हे प्रवरपूर कोठे होते? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते धाम नदीकाठचे पवनार ठरविले. विनोबांच्या आश्रमाच्या भूमीत मिळालेली शिल्पे प्रवरसेनाने उभारलेल्या मंदिरातील असावीत, असे त्यांचे मत होते. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले व प्राचीन वस्तीचे थर उघड केले.

त्यानंतर मनसरचा दावा पुढे आला. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या प्रेरणेने तेथील टेकड्यांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी व ए. के. शर्मा यांनी उत्खनन आरंभिले. विस्तीर्ण प्रासादवास्तू आणि हिडिंबा टेकडीवरील विटांचे प्रचंड बांधकाम उजेडात आले. उत्खननकर्त्यांनी तेथे स्तूप व विहाराचे अवशेष असल्याचे प्रतिपादन केले. डच संशोधक हान्स बाकर यांनी मात्र तेथील मुद्रा व शिल्पे यांच्या आधारे हिडिंबा टेकडीवरील वास्तू प्रवरेश्वर नामक शिवालय आणि मनसर हेच प्रवरपूर, असे मत मांडले.

हा वाद बौद्ध वाचकाला जिव्हाळ्याचा वाटणे स्वाभाविक आहे. रामटेक परिसराशी आचार्य नागार्जुनांची परंपरा जोडली गेली आहे. सातव्या शतकात आलेल्या युआन च्वांगने कोसल देशात सातवाहन राजाने नागार्जुनांसाठी डोंगरात कोरविलेल्या विहाराचे वर्णन केले आहे. त्या डोंगराच्या स्थाननिश्चितीबाबत मतभेद आहेत. अशा वेळी आपण कोणती भूमिका घ्यावी? केसमुत्ति सुत्तात तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नये. ही कसोटी इतरांच्या दाव्यांना लावावयाची आणि आपल्या दाव्यांना वगळावयाचे, हे धम्माला धरून नाही. एकाच टेकडीवर निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या पंथांच्या वास्तू उभ्या राहू शकतात. म्हणून 'मनसर कोणाचे?' असे विचारण्यापेक्षा 'कोणत्या थरात काय मिळाले?' असे विचारावे. बौद्ध अवशेष पुसले जाऊ नयेत, असा आग्रह धरण्याचा अधिकारही असा काटेकोरपणा पाळणाऱ्यालाच प्राप्त होतो.

राजधानीमागील गाव

आता तिसरा प्रश्न. चम्मकच्या ताम्रपटाने चर्मांक नावाचे गाव, आठ हजार भूमी एवढे क्षेत्र, एक हजार ब्राह्मणांना दान दिले. त्यात अटीही आहेत : त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी वा व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, अन्य गावांस उपद्रव देऊ नये. दान हे राज्यव्यवस्थेचे साधन होते, हे यावरून उघड होते.

त्याहून बोलकी आहे ती सवलतींची यादी. दान दिलेल्या गावात सैनिकांनी प्रवेश करू नये. फिरतीवरील अधिकाऱ्यांसाठी गवत, आसनासाठी कातडी व कोळसा मागू नये. मिठावरील राजाचा हक्क लागू नये. विष्टी घेऊ नये. विष्टी म्हणजे वेठ. ज्या गावांना अशी माफी मिळाली नव्हती त्यांना हे सारे पुरवावे लागत असे, हाच या सवलतींचा अर्थ. प्रवरपूरच्या प्रासादाच्या विटा पाहताना ही यादी जवळ असावी. कातडी कोणी कमावली, कोळसा कोणी पाडला, वेठ कोणी केली, त्यांची नावे कोणत्याही ताम्रपटात नाहीत. वेठीचे हे ओझे पुढेही वेगवेगळ्या रूपांत गावकामगारांच्या माथी राहिले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच दीर्घ इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचावे.

वाकाटककाळाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अजिंठ्याचे सोळावे लेणे वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने भिक्खुसंघाला अर्पण केले. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात बुद्धभद्र या भिक्खूचे नाव आहे. राजधान्यांची टेकाडे झाली, तरी मंत्री आणि भिक्खू यांच्या दानातून डोंगरात कोरलेले विहार टिकून राहिले.

वाटेवरील तिसरी राजधानी

बुटीबोरीहून मनसरकडे जाताना नागपूर लागते. तेही राजधानीचे शहर होते : आधी भोसल्यांची, १८६१ पासून मध्य प्रांताची आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर राजधानीच होते. १ नोव्हेंबरच्या राज्यपुनर्रचनेने, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांनी, तो मान गेला. परंतु बाबासाहेबांनी नागपूर निवडले ते राजधानी म्हणून नव्हे. या भूमीत धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात केले.

वर्षावासानंतर विहारांच्या अभ्यासमंडळांनी ही सहल अवश्य काढावी. एक दिवस पवनारला, दुसरा नगरधन-मनसरला द्यावा. जमल्यास नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आधी पाहावे. टेकाडावरील वीट वा खापर उचलू नये, कारण जागेवरून हललेली वस्तू साक्ष देऊ शकत नाही. प्रत्येकाने वही न्यावी आणि पाहिलेले, ऐकलेले व अनुमानिलेले अशा तीन रकान्यांत नोंदी कराव्यात. परतल्यावर त्या विहारात सर्वांसमोर वाचून त्यांवर चर्चा घडवावी.