अनुदानाचा अर्ज आणि एक प्रश्नोत्तरी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक कन्या कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आली. वडील गोव्याच्या खाजण जमिनीत भात पिकविणारे. मुलीने वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेली. संशोधनासाठी अनुदान मागणारा तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता आणि दुसरा पाठविण्यास अवघे वीस दिवस उरले होते. "फादर, आपण एकदा वाचून पाहा," ती म्हणाली.

मी वाचला. पहिली दोन पाने भारतीय शेतीच्या इतिहासातच खर्ची पडली होती. तिला नेमके काय करावयाचे आहे, ते तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडले. परीक्षकापुढे असे अर्ज गठ्ठ्याने येतात. तेथवर त्याची उत्सुकता टिकेल याची हमी कोण देणार?

तेव्हा मला जॉर्ज हाइलमायर यांचे स्मरण झाले. १९६० च्या दशकात द्रव-स्फटिकांचा दर्शक-पडदा घडविणारे हे अमेरिकन अभियंते १९७५ ते १९७७ या काळात 'डार्पा' या तेथील संरक्षण-संशोधन संस्थेचे प्रमुख होते. पैसा मागावयास येणाऱ्यांना ते ठरावीक साधे प्रश्न विचारीत. धर्मशिक्षणाच्या पुस्तकाप्रमाणे त्या प्रश्नांनाही 'प्रश्नोत्तरी' हेच नाव पडले. त्या संस्थेच्या युद्धविषयक हेतूंशी माझे जमत नाही. प्रश्न मात्र कोणीही उचलावेत असे आहेत.

पहिला प्रश्न असा, की तुम्ही काय करू पाहता ते पारिभाषिक शब्दांविना सांगा. हाच सर्वांत कठीण. मी तिला म्हटले, "बाळ, हे आधी वडिलांना सांग." तिने 'लवणताण-सहिष्णुता' वगैरे आरंभ करताच वडील म्हणाले, "म्हणजे बांध फुटून खारे पाणी शिरले तरी कोरगुटाचे रोप तग कसे धरते, हेच शोधायचे ना?" ते वाक्य, थोडे सावरून, अर्जाची पहिली ओळ झाले.

आज हे काम कसे होते आणि कोठे अडते, तुमच्या पद्धतीत नवे काय, यश आले तर कोणाला लाभ, हे पुढचे प्रश्न तिने सहज सोडविले. धोक्याच्या प्रश्नाशी ती थबकली. अडचण कबूल केल्यास अर्ज फेटाळला जाईल, ही तिची भीती. वस्तुतः भरपूर पाऊस झाला की खाजणातील खारटपणा धुऊन जातो आणि त्या वर्षीचा प्रयोगच फसू शकतो. जाणता परीक्षक हे ओळखणारच. म्हणून तिने स्वतःच ते लिहिले आणि उपायही दिला: त्याच वेळी कुंड्यांत, मीठ मोजून घातलेल्या पाण्यावर दुसरी लावणी.

खर्चाच्या तक्त्यात यंत्रे अनावर्ती सदरात आणि वेतन, रसायने, प्रवास हे आवर्ती सदरात जाते. सगळेच मागतात म्हणून तिने एक महाग यंत्र मागितले होते. कोणत्या कामासाठी, हे तिला सांगता येईना. ते गेले. पाण्याचा खारेपणा मोजणारे स्वस्त उपकरण मात्र यादीत नव्हतेच! तथापि उगाच काटकसर दाखवू नये. फार थोडे मागणाऱ्याला कामाचा अंदाज नाही, असा संशय येतो. शिवाय मिळालेल्या पैशाचे विनियोग प्रमाणपत्र पुढे द्यावे लागते.

शेवटचा प्रश्न परीक्षेचा: काम नीट चालले आहे हे मध्यावर आणि अखेरीस कशावरून समजावे? 'अभ्यास पूर्ण होईल' हे उत्तर नव्हे. पहिल्या हंगामाअखेर किती रोपे जगली, दाणा किती भरला, असे मोजता येणारे काही हवे.

एक व्यावहारिक सूचना. २००८ च्या कायद्याने स्थापिलेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आता नाही. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात ते विलीन झाले आहे. तेव्हा थोरल्या भावाने जपून ठेवलेला जुना नमुना भरू नये.

तिचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. निकाल अद्याप आलेला नाही. दरम्यान घराच्या मागील अंगणात तिने बारा कुंड्या मांडल्या आहेत. बियाणे वडिलांच्या कणगीतले आहे.