मोझार्टची रोजकीर्द आणि तिचा राखणदार

व्हिएन्ना शहरातील जुने बुर्गथिएटर १८८८ साली कायमचे बंद झाले, त्या रात्रीची हकीगत मोठी विलक्षण आहे. शेवटचा प्रयोग संपला, पडदा पडला आणि प्रेक्षक घरी जाण्याऐवजी रंगमंचावर चढले. ज्या फळ्यांवर आपले आवडते नट वावरले त्यांची एखादी ढलपी तरी हाती लागावी, म्हणून प्रतिष्ठित घरांतील माणसे एकमेकांना रेटू लागली. पुढे कित्येक वर्षे त्या ढलप्या शहरातील सुखवस्तू घरांत मौल्यवान डब्यांतून जपून ठेवलेल्या आढळत. हे वर्णन स्टीफन झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवले आहे. ती रात्र आली तेव्हा तो अवघ्या सहा वर्षांचा होता. परंतु त्या शहराचे ते वेड त्याच्याही अंगात पुढे पुरते भिनले.

झ्वाइगचे घराणे व्यापारी. वडील मोरित्झ झ्वाइग यांची बोहेमिया प्रांतात कापडाची गिरणी होती. आपल्या सहीची वचनचिठ्ठी कोणी कधी पाहिली नाही आणि बँकेतले आपले खाते सदैव जमेच्या बाजूलाच राहिले, याचा या गृहस्थांना मोठा अभिमान वाटे. ते पियानो उत्तम वाजवीत. पण त्याचा गाजावाजा कधी केला नाही. थोरला मुलगा आल्फ्रेड गिरणीत बसला. धाकटा स्टीफन पुस्तकांत आणि नाटकांत रमला. शाळेत असताना तो आणि त्याचे सोबती नटांच्या आणि लेखकांच्या स्वाक्षऱ्या मिळविण्यासाठी तासन्‌तास ताटकळत. एकदा वृद्ध संगीतकार ब्राम्स यांनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला; त्या स्पर्शाने मुलाचे चित्त कित्येक दिवस ठिकाणावर नव्हते.

असा छंद पुष्कळांना जडतो आणि मिसरूड फुटल्यावर बहुतेकांचा सुटतो. झ्वाइगचा सुटला नाही. त्याला वळण लागले. स्वाक्षरी एवढेच सांगते की, हा माणूस येथे होता. त्याने काम कसे केले, कोठे अडला, काय खोडले, कशाने समाधान पावला, हे सांगण्याची ताकद हस्तलिखितात असते. म्हणून मोठ्या माणसाचा कोणताही कागद त्याला चालेनासा झाला. ज्यातून निर्मितीचा क्षण दिसतो तोच कागद त्याला हवा असे. बेथोवनची एखादी ओळ तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेली असेल, तर ती त्याला सुवाच्य प्रतीपेक्षा मोलाची वाटे.

या कागदांचा बाजार मोठा लहरी होता. बेथोवन २६ मार्च १८२७ रोजी वारला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्या चीजवस्तूंचा व्हिएन्नात लिलाव झाला. ज्या टाचण-वह्यांत त्याच्या रचनांची बीजे होती, त्या किरकोळ रकमांना गेल्या. मोझार्टच्या बाबतीत त्याची पत्नी कॉन्स्टान्झे हिने थोडी व्यवहारबुद्धी दाखविली. पतीच्या पश्चात ती आणि दोन लहान मुले कर्जाच्या ओझ्याखाली होती. तिने घरातील हस्तलिखिते सांभाळून ठेवली आणि १७९९ साली ओफेनबाखचे संगीतप्रकाशक योहान आंद्रे यांच्याशी करार करून ती एकत्रित विकली. सुटे सुटे कागद पाहुण्यांना वाटून टाकण्याचा मोह तिला पडला असता, तर आज मोझार्टच्या किती रचना मूळ हस्ताक्षरात उरल्या असत्या, कोण जाणे.

जेथे मागणी असते तेथे खोटा मालही येतो. बेथोवनला ऐकू येईनासे झाल्यावर भेटायला येणारी माणसे आपले बोलणे वहीत लिहून दाखवीत. अशा अनेक ‘संभाषणवह्या’ त्याचा सहायक शिंडलर याच्या हाती पडल्या आणि त्याने त्या १८४६ साली बर्लिनच्या राजग्रंथालयाला विकल्या. त्यांच्या आधारावर चरित्रे लिहिली गेली, व्याख्याने झाली. शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर, १९७० च्या दशकात, अभ्यासकांच्या ध्यानात आले की बेथोवनच्या मृत्यूनंतर शिंडलरने या वह्यांत शेकडो वाक्ये स्वतःच्या पदरची घुसडली होती. आपण या महापुरुषाच्या किती निकट होतो हे जगाला दाखविण्यासाठी! वही खरी, बेथोवनही खरा. फक्त मजकुरात भेसळ.

केसांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. बेथोवनच्या शवाचे दर्शन घ्यायला आलेल्यांनी त्याच्या केसांच्या बटा इतक्या कापून नेल्या की, दफनाच्या वेळी डोक्यावर काही उरले नव्हते, असे त्याच्या मित्राच्या मुलाने लिहून ठेवले आहे. त्यांतली म्हणून मानली गेलेली एक प्रसिद्ध बट १९९४ साली लंडनच्या लिलावात विकली गेली. तिच्या तपासणीवरून बेथोवनला शिशाची विषबाधा झाली होती, असे अनुमान निघाले. २०२३ साली केसांच्या जनुकीय परीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की ती बट एका स्त्रीची आहे. त्याच परीक्षणात इतर पाच बटा मात्र खऱ्या ठरल्या.

झ्वाइगला या बाजाराची नस ठाऊक होती. हस्तलिखितांच्या विक्रीच्या चार हजारांहून अधिक सूचिपुस्तिका त्याने जमविल्या होत्या आणि त्या तो निव्वळ चाळीत नसे, अभ्यासीत असे. कोणता कागद कोणत्या वर्षी कोठे विकला गेला आणि नंतर कोणाकडे गेला, हे माहीत असणारा माणूस सहसा फसत नाही. जवाहिऱ्याला खड्याची पारख असावी लागते, तसेच खडा कोणाच्या हातून आला हेही त्याला विचारावे लागते. आपल्या संग्रहापेक्षा या ज्ञानाचा आपल्याला अधिक अभिमान वाटतो, असे त्याने नमूद केले आहे.

साल्झबुर्गमधल्या टेकडीवरच्या त्याच्या घरात हळूहळू जे जमा झाले, त्याची नुसती नावे वाचूनही संगीतप्रेमी थबकतो. गटेच्या कवितेला मोझार्टने दिलेल्या चालीचे मूळ हस्तलिखित तेथे होते. शूबर्टच्या हस्ताक्षरातले संगीतस्तुतीचे प्रख्यात गीत होते. बेथोवनचे लिहिण्याचे मेज होते आणि त्याची पैशांची पेटीही होती. हे मेज आता बॉन येथील बेथोवनच्या जन्मगृहात पाहायला मिळते.

त्याच संग्रहातली एक वस्तू मात्र मनाला टोचणी लावते. बेथोवन अखेरच्या घटका मोजत असताना योसेफ टेल्चर नावाच्या चित्रकाराने त्याच्या अंथरुणाशी बसून त्याची रेखाचित्रे काढायला सुरुवात केली. बेथोवनचा जुना मित्र ब्रॉयनिंग तेथे होता. त्या क्षणी चाललेली पेन्सिलीची खरखर त्याला असह्य झाली आणि त्याने चित्रकाराला अडविले. मरणाऱ्या माणसाचा तेवढा मान राखावा, ही त्याची भावना कोणत्याही सुसंस्कृत घरात समजेल अशीच आहे. परंतु ती चित्रे उरली आणि शतकानंतर झ्वाइगने ती अत्यंत आदराने आपल्या संग्रहात ठेवली. संग्राहकाच्या भक्तीत हावरेपणाचा अंश असतोच. झ्वाइगसारखा हळवा माणूसही त्यातून सुटला नव्हता. आज ती चित्रे पाहताना ब्रॉयनिंगची बाजू अधिक पटते आणि तरीही नजर काढून घेववत नाही.

१९३४ च्या फेब्रुवारीत साल्झबुर्गच्या घरावर शस्त्रे शोधण्याच्या निमित्ताने पोलीस आले. शस्त्रे अर्थातच सापडली नाहीत. शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन एक वर्ष झाले होते आणि झ्वाइग यहुदी होता. तो समजायचे ते समजला आणि लंडनला निघून गेला. जो माणूस स्वतःच बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाला, त्याने एवढा संग्रह कोठे ठेवावा? लेखकांच्या हस्तलिखितांचा मोठा भाग त्याने विकला. त्यातील पुष्कळसा स्वित्झर्लंडचे संग्राहक मार्टिन बोडमर यांच्याकडे गेला. मोठमोठ्या समकालीनांनी आपल्याला लिहिलेली पत्रे त्याने आधीच, १९३३ साली, जेरुसलेमच्या ग्रंथालयाकडे सोपविली होती. हातात ठेवली ती निवडक रत्ने, बहुतांशी संगीताची.

या वस्तूंचा आपण कधीच मालक नव्हतो, काही काळापुरते राखणदार होतो, असे तो पुढे आत्मचरित्रात लिहितो. त्याच्या मनात होते ते असे की, एखाद्या संस्थेला संग्रह द्यावा, पण तिने दरवर्षी काही रक्कम खर्चून तो वाढवीत राहावे, म्हणजे तो मृत राहणार नाही. व्यापारी घरातल्या मुलाचाच हा विचार: भांडवल नुसते तिजोरीत पडून राहू नये. परंतु युद्धाने ते घडू दिले नाही. २२ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्राझीलमधल्या पेट्रोपोलिस गावी त्याने आणि त्याच्या पत्नीने आपले आयुष्य संपविले. लंडनमधला संग्रह वारसांनी अखंड सांभाळला आणि मे १९८६ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला तो देणगी म्हणून दिला. त्यातला एखादाच कागद लिलावात काढला असता तरी किती रक्कम आली असती, हे त्यांना नक्कीच ठाऊक होते.

मराठी घरांच्या माळ्यांवरही अशा वस्तू नसतील असे नाही. एखाद्या संगीत नाटकाचे पिवळे पडलेले हस्तपत्रक, मैफिलीनंतर गवयाने सही करून दिलेली ध्वनिमुद्रिका, आजोबांना आलेले एखाद्या नटाचे पत्र. अशा कागदावर प्लॅस्टिकचा थर चढवून घेणे, त्याला चिकटपट्टी लावणे किंवा टाचणी मारणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. तो कोणाकडून, केव्हा, कसा आला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावे. ही नोंद नसेल तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ जुना कागद उरतो.

नोंद म्हणजे काय चीज असते, हे झ्वाइगच्या संग्रहातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूकडे पाहून कळते. ती एक लहानशी वही आहे. फेब्रुवारी १७८४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, मोझार्टने आपल्या रचनांची रोजकीर्द लिहायला घेतली. डाव्या पानावर पाच रचना: तारीख, रचनेचे नाव, कोणती वाद्ये. समोर उजव्या पानावर स्वरलिपीच्या जोडरेघांवर प्रत्येक रचनेचा आरंभ, जेमतेम काही मात्रांचा. पहिली नोंद ९ फेब्रुवारी १७८४ ची, एका पियानो कॉन्चेर्टोची. गटेच्या कवितेवरची ती चाल ८ जून १७८५ या तारखेखाली सापडते. म्हणजे मूळ पावती आणि तिची रोजकीर्दीतली नोंद, दोन्ही एकाच संग्रहात! कोणाही मुनिमाला समाधान वाटावे, असा हा मेळ आहे.

मोझार्टला हिशेबाची आवड होती असे मात्र म्हणता येत नाही. त्याच सुमारास त्याने घरखर्चाचीही वही सुरू केली होती. पाळण्यासाठी विकत घेतलेल्या मैना जातीच्या एका पक्ष्याची किंमतसुद्धा तिच्यात टिपलेली होती. ती वही वर्षभरात बंद पडली. पुढे तो मिखाएल पुखबेर्ग या कापडाच्या व्यापाऱ्याकडे वारंवार उसने पैसे मागू लागला. अशी सुमारे वीस पत्रे आज उपलब्ध आहेत, कारण पुखबेर्गने ती फेकली नाहीत. पैशांचा हिशेब मोझार्टला कधी जमला नाही. कामाची रोजकीर्द मात्र त्याने पावणेआठ वर्षे लिहिली. तिच्यातल्या काही रचना पुढे हरवल्या. त्या कधीकाळी होत्या याचा पुरावा म्हणून आज उजव्या पानावरचे तेवढे स्वर शिल्लक आहेत.

१७९१ च्या जुलैत ‘जादूची बासरी’ या ऑपेराची नोंद आहे. शेवटची नोंद १५ नोव्हेंबरची, एका छोट्या समूहगानाची. त्यानंतर तो मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतावर काम करीत होता. ते पुरे झाले नाही, म्हणून ते वहीत नाही. ५ डिसेंबरला पस्तिसाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या नोंदीपुढे स्वरलिपीच्या रेघा आखून ठेवलेली पाने कोरी आहेत. वहीच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘माझ्या सर्व रचनांची यादी, महिना फेब्रुवारी १७८४ पासून’. पुढे ‘पर्यंत’चा महिना आणि साल भरण्यासाठी जागा सोडलेली आहे. सालाच्या जागी एकच आकडा आहे: १. पुढचे शतक आपण पाहू, असे त्याला वाटत असावे. म्हणून सातचा आकडा त्याने लिहिला नाही.