गोवर गेला, तरी पोर सारखं आजारी का पडतं?

अंगावरचं लाल पुरळ आठवडाभरात मावळतं. घरचे म्हणतात, 'गोवर निघून गेला, आता काळजी नाही.' पण पुढे कित्येक महिने तेच पोर कधी जुलाब, कधी कानदुखी, कधी न्यूमोनिया घेऊन दवाखान्यात येतं. यामागे कारण आहे.

बाळाला जन्माआधी नाळेतून आईच्या अँटिबॉडीज मिळतात. या उसन्या ताकदीवर पहिले काही महिने निघतात, मग ती ओसरते. पुढे बाळाचं शरीर स्वतः एकेक विषाणू ओळखायला शिकतं. म्हणूनच लहान मुलांना वरचेवर सर्दी-ताप येतो. एकदा ओळखलेला विषाणू शरीर लक्षात ठेवतं. हे काम रक्तातल्या 'स्मृतिपेशी' करतात.

गोवरचा विषाणू नेमका याच पेशींवर घाला घालतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. इतर आजारांविरुद्ध कमावलेल्या ११ ते ७३ टक्के अँटिबॉडीज नाहीशा झाल्याचं २०१९ मध्ये समोर आलं. म्हणजे शिकलेली पाटी पुसली गेली. लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवरची ओळख करून देतो, पाटी पुसत नाही.

दोन डोस कशासाठी?

गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत देतात. त्याआधी दिला तर आईकडून आलेल्या अँटिबॉडीजच लसीचा परिणाम कमी करू शकतात. पहिल्या डोसनंतरही सुमारे १५ टक्के मुलांमध्ये पुरेसं संरक्षण तयार होत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस.

हाच दुसरा डोस अनेकदा राहतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी डोस टाळायचं कारण नाही. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत घेता येतो.

गोवर झालाच तर

- अंगारा-धुपाऱ्यात दिवस न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे सलग दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात.
- पुरळ उठल्यापासून चार दिवस इतर मुलांपासून लांब ठेवा.
- धाप लागली, खाणं-पिणं सुटलं किंवा पोर सुस्त पडलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

घरातल्या लहानग्याचं कार्ड आजच काढून बघा. दुसऱ्या डोसची जागा कोरी असेल, तर आशाताईंना गाठा.