गावचं वायफाय (लेखांक ९) : लाईट गेली, मीटर कोण थांबवणार?

दुकानदाराच्या हातात शेवटी किती रुपये पडतात, तो वाटणीचा हिशेब आज मांडायचं कबूल केलं होतं. पण आणे गावाहून एका दुकानदार वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो मला सोडवेना, म्हणून वाटणी पुढच्या आठवड्यात. गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेआधी त्यांना दुकानावर केंद्राच्या पीएम-वाणी योजनेचं वायफाय बसवायचंय. यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या प्रसादाला लोटणारी गर्दी म्हणजे गिऱ्हाईक तयारच. "पण गिऱ्हाइकाने तासाचे पैसे भरले आणि दहाव्या मिनिटाला लाईट गेली, तर उरलेल्या पन्नास मिनिटांचं काय?"

बिलिंग विकायला येणारा माणूस या प्रश्नावर हमखास विषय बदलतो.

कोण आत आलं आणि त्याने किती वापरलं, हे राऊटर आणि सर्व्हर ज्या ठरावीक भाषेत बोलतात ती रेडियस. तिची ओळख पटवण्याची बाजू आपण पाहिली आहे. हिशेबाची बाजू इंटरनेटच्या नियमांच्या वेगळ्या कागदात आहे : आरएफसी २८६६, जून २०००. गिऱ्हाईक आत आलं की राऊटर सर्व्हरला 'स्टार्ट' कळवतो, बाहेर पडलं की 'स्टॉप'. किती सेकंद बसलं, किती डेटा ओढला, हा पक्का आकडा स्टॉपमध्ये येतो. आता लाईट गेली म्हणजे राऊटरच बंद. स्टॉप पाठवणार कोण? सर्व्हरच्या वहीत तो माणूस आतच बसलेला राहतो. अर्ध्या तासाने वीज येते, तो पुन्हा लॉगिन करायला जातो आणि उत्तर मिळतं, 'तुम्ही आधीच लॉगिन आहात.' एका रिचार्जवर एकच फोन ही अट आपणच घातलेली असते ना! पैसे भरलेला माणूस दारात, आणि दार लावलंय आपल्याच नियमाने. मग तो दुकानदाराच्या अंगावर येतो. यात्रेच्या दिवशी त्याला समजावत कोण बसणार?

यावर औषध आहे. 'इंटरिम अपडेट' चालू असेल तर राऊटर मधूनमधून चालू आकडा कळवत राहतो. दोन अपडेटमधलं अंतर ६० सेकंदांच्या खाली नेऊ नये आणि शक्यतो ६०० च्या खालीही नको, असं आरएफसी २८६९ सांगतो. तो सल्ला नेटवर्कवरचा भार बघून दिलेला आहे. एका दुकानापुरतं मी खुशाल ३०० ठेवीन. लाईट गेली तरी घोळ फार तर पाच मिनिटांचा. शिवाय राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर 'अकाउंटिंग-ऑन' असा निरोप पाठवू शकतो. तो आला की सर्व्हरने त्या राऊटरच्या सगळ्या लोंबकळत्या नोंदी मिटवायच्या. सोय जुनीच आहे, पण कोणीतरी ती चालू करून ठेवायला हवी.

माझं मत विचाराल तर जिथे वीज बेभरवशाची, तिथे तास विकूच नयेत, जीबी विकावेत. बंद राऊटरमधून डेटा जात नाही, त्यामुळे भांडणच मिटतं. मात्र त्यातही एक खड्डा आहे. रेडियसचा मूळ डेटा-मोजणीचा आकडा ३२ बिटांचा. ४ जीबी भरले की तो पुन्हा शून्यावर येतो. किती फेऱ्या झाल्या हे 'गिगावर्ड्स' नावाच्या वेगळ्या रकान्यात येतं. घाईत लिहिलेलं सॉफ्टवेअर तो रकाना वाचतच नाही. मग पाच जीबी ओढणाऱ्याच्या नावावर एकच जीबी लागतो आणि भुर्दंड विकणाऱ्याला.

पत्रात दुसरंही विचारलंय : एवढा उपद्व्याप कशाला, पासवर्ड पाटीवर लिहून ठेवला तर? जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीची धमकीची ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेली होती. पुढे २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याबाबत सूचना काढल्या. सार्वजनिक वायफायवर आपल्या सगळ्यांच्या मागे लागलेला ओटीपी तिथूनच आला. तेव्हा पाटी नको.

पीएम-वाणीत, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या योजनेत, दुकानदार हा पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस. त्याला परवाना नको, नोंदणी नको. हिशेबाचा सर्व्हर असतो वरच्या पीडीओएकडे, म्हणजे असे अनेक पीडीओ सांभाळणाऱ्या कंपनीकडे. म्हणून आण्याच्या वाचकांनी सॉफ्टवेअर शोधू नये, पीडीओए पारखून घ्यावा. करारावर सही करण्याआधी त्यांचा डेमो बॉक्स दुकानात मागवा, स्वतःच्या फोनवर सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारा, व्हिडिओ लावा आणि राऊटरची पिन सरळ उपटा. दहा मिनिटांनी परत लावा. त्याच रिचार्जवर, कोणालाही फोन न करता पुन्हा आत जाता आलं आणि शिल्लक बरोबर दिसली, तरच सही करा.