चार मीटरच्या आत

जहाज बुडायला लागलं की शेवटची काही मिनिटं माणसांच्या हातात राहत नाहीत. डेक कलतो, दिवे जातात, लाटा वर चढून येतात. लाईफबोट खाली सोडायला वेळ मिळाला नाही, तर उरतो डेकच्या कडेला क्रेडलवर बांधलेला पांढरा फायबरचा डबा. त्यात रबरी तराफा घडी करून भरलेला असतो. डब्याचे पट्टे सोडायला त्या क्षणी तिथे कुणी पोचेलच, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून ते काम तळहातात मावेल एवढ्या एका यंत्रावर सोपवलेलं असतं.

त्याचं नाव हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट. गोदीत सगळे एचआरयू म्हणतात. त्याला बॅटरी नाही, वायर नाही, बटण नाही. आत एक पडदा, एक स्प्रिंग आणि एक पातं असतं. जहाज खाली जाऊ लागलं की पडद्यावर पाण्याचा दाब वाढत जातो. ठरावीक दाबाला स्प्रिंग सुटते, पातं पुढे येतं आणि पट्टे धरून ठेवणारी दोरी कापली जाते. हे चार मीटर खोलीच्या आत घडलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्वीडनच्या हॅमर कंपनीचं एच-२० हे जगभरातल्या जहाजांवर दिसणारं एचआरयू दीड ते चार मीटरच्या दरम्यान सुटतं. त्याहून कमी दाबावर सुटलं असतं, तर वादळात डेकवर येणाऱ्या एखाद्या मोठ्या लाटेनेच तराफा वाहून गेला असता.

संपादकांनी मला लाईफ जॅकेटवर लिहायला सांगितलं होतं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ माणसं गेली. त्यानंतर लाईफ जॅकेट हा शब्द घराघरांत पोचला. ही जॅकेटं, तराफे, संकटाचा इशारा देणारे फ्लेअर्स येतात कुठून आणि आपल्या बंदरातून बाहेर कशी पडतात, हे पाहायला मी निघालो आणि या यंत्रापाशी थांबलो.

कारण दोरी कापली म्हणजे काम झालं, असं नाही. पट्टे सुटले की डबा तरंगत वर येतो, पण तो अजून बंद असतो. डब्यातून निघणारी एक लांब दोरी, जिला पेंटर म्हणतात, तिचं दुसरं टोक बुडणाऱ्या जहाजाशी बांधलेलं असतं. जहाज खाली जातं, डबा वर राहतो, पेंटर उलगडत ताणला जातो आणि पूर्ण ताणला गेला की आतल्या गॅस सिलिंडरचं तोंड खेचून उघडतो. मिनिटभरात तराफा फुगतो. म्हणजे बुडणारं जहाजच आपल्या वजनाने तराफा उघडून देतं! आता मात्र या जहाजापासून सुटका हवी, नाहीतर तेच तराफ्याला तळाशी घेऊन जाईल. त्यासाठी पेंटरचं टोक थेट जहाजाला न बांधता एका कमजोर कडीला बांधतात. वीक लिंक म्हणतात तिला. ती साधारण २.२ किलोन्यूटन ताणाला, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास, तुटली पाहिजे. पेंटर डब्यातून बाहेर खेचला जाईपर्यंत तिने टिकायचं आणि फुगलेला तराफा वर ओढू लागला की तुटायचं. सुरक्षेच्या साधनांत एखादा भाग मोडण्यासाठीच इतका काटेकोर बनवलेला मी दुसरा पाहिला नाही.

आणि हे सगळं एका चुकीच्या गाठीने वाया जातं. पेंटर वीक लिंक सोडून थेट डेकच्या कड्याला बांधला, तर तराफा फुगतो आणि जहाजाबरोबर खाली जातो. पेंटर कशालाच बांधला नाही, तर डबा वर येतो, पण उघडत नाही. या दोन्ही चुका जहाज तपासणाऱ्या सर्व्हेअरना अजूनही सापडतात. तिसरी चूक तारखेची. एच-२० जहाजावर बसवल्यापासून दोन वर्षांनी बदलायचंच असतं. त्याच्या लेबलवर महिना आणि वर्ष खूण करायची जागा असते.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९१२ साली टायटॅनिकवर सव्वादोन हजारांच्या आसपास माणसं होती आणि लाईफबोटींत जागा ११७८ जणांची. त्या धक्क्यातून समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा १९१४ चा पहिला सोलास करार झाला. आज लागू आहे तो १९७४ चा, १९८० पासून अमलात आलेला. त्याच्या जोडीने जीवरक्षक साधनांची संहिता १९९८ पासून बंधनकारक आहे. फ्लेअर किती उंच जावा, तराफा उघड्या समुद्रात किती दिवस टिकावा, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर यायला जॅकेटला किती वेळ लागावा, हे सगळं तिच्यात आहे. पॅराशूट रॉकेटने ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळायचं, तराफ्याने ३० दिवस टिकायचं.

कोकणाला हे शिकायला टायटॅनिकची गरज नव्हती. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला बातमी कळली ती पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून. आज मोठ्या जहाजावर एपर्ब नावाचं पिवळं यंत्र असतं. तेही असंच हायड्रोस्टॅटिक युनिटवर सुटून तरंगतं आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतं. भारतात ती हाक बंगळूरला इस्रोच्या केंद्रात पोचते. एवढं सगळं असूनही मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज २६१ माणसांसह बुडाली आणि सत्तरहून अधिक जण गेले. वाचलेल्यांपैकी काहींनी तेव्हा सांगितलं होतं की, बरेच तराफे फुटके निघाले.

या साधनांपैकी लाईफ जॅकेट, लाईफबॉय आपल्याकडेही तयार होतात. पण मोठ्या जहाजावरची पुष्कळशी साधनं बाहेरून येतात, विशेषतः ज्यांना युरोपीय मान्यतेची चाकाची खूण किंवा वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र हवं असतं ती. मुंबई परिसरात त्यांचा रस्ता बहुतेक न्हावा-शेवावरून जातो. तिथेच मला अण्णा भेटले.

अण्णा एका क्लिअरिंग एजंटकडे काम करतात, कस्टम्सच्या एच कार्डवर, म्हणजे कर्मचाऱ्याच्या ओळखपत्रावर. अशा एजंटला पूर्वी सीएचए (कस्टम हाऊस एजंट) म्हणत, आता कायद्यात कस्टम्स ब्रोकर म्हणतात. अण्णांच्या तोंडात अजून सीएचएच आहे. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक मुदत संपलेलं एचआरयू असतं, मधोमध कापलेलं. पातं, स्प्रिंग, पडदा सगळं दिसतं. ते त्यांनी सर्व्हिस स्टेशनमधून मागून घेतलं. कंटेनर तपासणीला लागला, अधिकाऱ्याने खोका उघडून ‘हे काय?’ विचारलं की अण्णा पिशवीतून ते काढतात.

“साहेब, जहाज बुडालं की हे दोरी कापतं. कापलं नाही तर सगळी खाली.”

एवढ्यात समजतं, असं ते म्हणतात. समजलं की अधिकारी पुढचे प्रश्न वेगळे विचारतो. किंमत आणि वर्णनाच्या पुढे जाऊन तो तारखा बघतो, प्रमाणपत्र आणि सीरियल नंबर जुळतात का ते बघतो. हे करायलाच हवं, असं अण्णांचं मत आहे. नकली जॅकेट आणि जुन्या तारखेचे फ्लेअर आत आले तर शुल्काचं नुकसान भरून निघेल, माणसाचं नाही. क्लिअरिंगच्या धंद्यात माल लवकर सुटावा एवढीच इच्छा असते, असं आपण धरून चालतो. या माणसाला माल नीट तपासून सुटायला हवा होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर जास्त वेळ राहिलो.

पण आता अण्णांची पिशवी पूर्वीइतकी कामाला येत नाही. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आलं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे भरायची नोंद, न्हावा-शेवाची, पण तिचं मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. ओळखीपाळखीने माल सुटू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मात्र एचआरयूला दरपत्रकात स्वतःची ओळ नाही. फुगणाऱ्या तराफ्याला आहे, ८९०७ १०. लाईफ जॅकेटला आहे, ६३०७ २०. एचआरयू कुणी तराफ्याचा भाग म्हणून दाखवतं, कुणी यंत्राचा. मग क्वेरी लागते: वस्तूचा उपयोग स्पष्ट करा, कॅटलॉग जोडा. अण्णांनी कापलेल्या एचआरयूचे फोटो काढून ठेवले आहेत. ते कस्टम्सच्या ई-संचित या ऑनलाइन कागदपत्र-व्यवस्थेवर चढवतात, खाली चार ओळी लिहितात आणि उत्तराची वाट बघतात.

खरी गुंतागुंत तराफ्याच्या पोटात आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या तराफ्यात चार पॅराशूट रॉकेट, सहा हँड फ्लेअर, दोन धुराचे डबे, माणशी दीड लिटर पाणी, माणशी दहा हजार किलोज्यूलचं अन्न, औषधाची पेटी आणि बोटीचा त्रास थांबवणाऱ्या गोळ्या असतात. सगळं डब्यात बंद असतं तोवर हे एक जीवरक्षक साधन आहे. पण तराफा दर वर्षी सर्व्हिस स्टेशनला उघडावा लागतो आणि मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्या लागतात. त्या बदली वस्तू सुट्या मागवल्या की एकेकीला एकेक दार लागतं. फ्लेअर स्फोटकांत मोडतात, त्यांच्या आयातीची परवानगी पेसो ही स्फोटक सुरक्षा संस्था देते, जिचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. गॅसचा सिलिंडर आला की सिलिंडरचे नियम, तेही पेसोकडेच. बिस्किटं आणि पाण्याच्या पुड्या खाद्यपदार्थ ठरतात, तिथे एफएसएसएआय. गोळ्यांना औषध नियंत्रक. एपर्बला दिल्लीच्या वायरलेस विभागाची मान्यता. शिवाय एपर्बमध्ये जहाजाचा नऊ आकडी क्रमांक भरून त्याची नोंदणी करावी लागते. भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. नोंदणी राहिली तर हाक पोचते, पण ती कुणाची हे शोधण्यात वेळ जातो.

यातली कडक परवानगी मला अनाठायी वाटत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरला होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्यात गेले. त्या मुंबईने रॉकेट फ्लेअरचा खोका साध्या मालासारखा शेडमध्ये ठेवू नये, हेच बरोबर. नौवहन महासंचालनालय, पेसो, कस्टम्स, प्रत्येकाला स्वतःचं कारण आहे.

माझी काळजी वेळेची आहे. फ्लेअरचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं, आणि ते कारखान्यात बनल्या दिवसापासून मोजतात. युरोपातून निघालेलं जहाज २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागलं, तसा प्रवास वाढला. त्यात परवान्याची वाट, कागदावरच्या आणि खोक्यावरच्या वर्णनात एखाद्या शब्दाचा फरक, सुट्ट्या. बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची, नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंबशुल्क. कंटेनरचं भाडं आणि गोदामाचं भाडं वेगळं. हा सगळा खर्च शेवटी फ्लेअरच्या किमतीत चढतो. मग छोटा बोटमालक विचार करतो, जुनाच अजून वर्षभर ठेवू. बंदरात गेलेला प्रत्येक महिना अशा रीतीने समुद्रावर कुणाच्या तरी वाट्याला येतो.

परदेशी जहाजाचं दुखणं आणखी निराळं. त्याच्या तराफ्याच्या सर्व्हिसची मुदत संपली असेल, तर बंदर-राज्य तपासणीत ते अडकू शकतं. जहाजासाठी बाहेरून येणाऱ्या मालाला शुल्क नाही, पण बाँड लागतो, सीलबंद नेणं लागतं, गोदीपर्यंत कस्टम्सचा प्रिव्हेंटिव्ह अधिकारी लागतो. जहाज मात्र धक्क्यावर दीड-दोन दिवस असतं. विमानाने आलेले एचआरयू सुटेपर्यंत जहाज निघून गेलं आणि खोका पुढच्या बंदराकडे पाठवावा लागला, असं अण्णांनी पाहिलं आहे. त्या जहाजाने मधला प्रवास जुन्या तारखेच्या दोरीवर केला.

उपाय फार मोठे नाहीत, असं मला दिसलं. बिल ऑफ एंट्री तीस दिवस आधी भरायची सोय कायद्यात आहे. आयातदारांनी ती वापरावी आणि कॅटलॉग, प्रमाणपत्र, सीरियल नंबर पहिल्याच दिवशी जोडावेत. नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या साधनांची यादी कस्टम्सच्या पडद्यावर थेट दिसावी, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्याला एचआरयू काय हे विचारावं लागणार नाही. फ्लेअर आणि जीवरक्षक साधनांसाठी पेसोने परवान्याची वेगळी खिडकी ठेवावी. मूल्यांकन करणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांना एकदा तरी सर्व्हिस स्टेशनला न्यावं आणि तराफा फुगताना दाखवावा. पुढच्या कित्येक क्वेरी तिथेच वाचतील.

वाचकांना एकच सांगणं. मांडव्याला रो-रोने जाल, गोव्याला क्रूझने जाल, तेव्हा डेकवरच्या पांढऱ्या डब्याजवळ जा. त्यावर सर्व्हिसची तारीख लिहिलेली असते आणि पट्ट्याजवळच्या एचआरयूवर बदलायची. दोन्ही वाचा. उलटून गेल्या असतील तर कप्तानाला विचारा, फोटो काढा आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे किंवा नौवहन महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करा.