नव्या गाडीचा वास

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या महामार्गाने वापी, वलसाड व नवसारी मागे टाकून सुरत जिल्ह्यात शिरले की पलसाणा तालुक्यातील कडोदरा हे गाव लागते. सुरतेहून बारडोलीस जाणारा रस्ता ह्याच ठिकाणी महामार्गास छेदतो. सभोवार कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आहेत. त्यांच्या बॉयलरांचा धूर, रंगांचा उग्र दर्प, शेकडो मालमोटारींच्या डिझेलचा वास आणि रस्त्याकडेला तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास, असे सर्व काही तेथील हवेत एकत्र नांदत असते. अशा जागी आपल्याच गाडीला काही वास येतो आहे हे ओळखणे म्हणजे जत्रेच्या कोलाहलात आपल्या मुलाचे रडणे ओळखण्यासारखे आहे. आईला ते ओळखू येते. इतरांच्या कानांवरून ते निघून जाते.

आमच्या भाच्याने बँकेचे कर्ज काढून डिझेलवर चालणारी पिकअप घेतली, त्यास तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. वसईकडील एक कुटुंब बारडोलीस बिऱ्हाड हलवीत होते. त्यांची कपाटे व पलंग पोहोचविण्याचे भाडे त्याला मिळाले आणि सोबतीला म्हणून मीही निघालो. गाडीत बसताच मला दोन गोष्टी जाणवल्या. आरशाखाली अत्तराची एक बाटली लोंबत होती आणि तिच्या गोड वासाखाली दुसराच कसला तरी वास दबलेला होता.

“हे अत्तर कशाला रे?” मी विचारले.

“आईला वास सहन होत नाही, मामा. दोनदा वर्कशॉपात दाखवले. ते म्हणतात, नवी गाडी आहे, वास येणारच.”

वाचकहो, हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते, आणि सारी अडचण तेथेच आहे. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा लोखंडी भागांस गंज चढू नये म्हणून त्यांवर मेण व तेल ह्यांचा पातळ लेप दिलेला असतो. धूर वाहून नेणाऱ्या नळीवर व सायलेन्सरवर रंग असतो. इंजिन प्रथमच पुरते तापले की हे लेप जळतात, रंग भाजून पक्का होतो आणि प्रसंगी बॉनेटखालून पांढुरका धूरही निघतो. नव्या तव्यावरील पहिल्या भाकरीस जसा वास येतो, तसलाच हा प्रकार. काहीशे किलोमीटर गाडी चालली की तो आपोआप जातो. नवे क्लच व नवे ब्रेकही पहिले काही दिवस करपट वास देतात. मात्र असा वास दिवसेंदिवस कमी होत गेला पाहिजे. भाच्याची गाडी १,८०० किलोमीटर चालून चुकली होती आणि वास कमी होण्याऐवजी वाढत चालला होता. परंतु वर्कशॉपातील माणसाने एकदा निर्वाळा दिला म्हटल्यावर आपल्या नाकावर विश्वास कोण ठेवतो?

दुसरे एक कारण त्याला सांगण्यात आले होते, आणि तेही खोटे नव्हते. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. डिझेल गाड्यांच्या धुरातील काजळी अडविण्यासाठी आता सायलेन्सरच्या मार्गात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक गाळणी बसविलेली असते. काजळीने ती भरत आली की गाडी आपणहून थोडे अधिक इंधन वापरून गाळणी तापविते आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत ती काजळी जाळून टाकते. ह्या वेळी इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, पंखा जोराने फिरतो आणि तापल्या लोखंडाचा, कोंदट असा वास येतो. अनुभव नसलेला माणूस घाबरून गाडी बंद करतो आणि नेमके तेच करावयाचे नसते. अर्धवट राहिलेले काम पुनःपुन्हा तसेच राहिले तर गाळणी तुंबते, शिवाय न जळलेले डिझेल इंजिनातील तेलात उतरून ते पातळ होते. गाडी चालती ठेवावी. पाव-अर्ध्या तासात वास जातो. फक्त अशा वेळी वाळल्या गवतावर किंवा पेंढ्याच्या उडवीजवळ गाडी उभी करू नये. खळ्यात गाडी लावणाऱ्या आपल्या लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कडोदऱ्याचा चौक आम्ही दुपारी एकच्या सुमारास ओलांडला. चौकात एकदम जळक्या प्लास्टिकसारखा भपकारा आला. भाचा म्हणाला, “कारखान्यांचा असेल.” मलाही तसेच वाटले. पण बारडोलीच्या रस्त्याला लागल्यावर कारखाने मागे पडले, वारा उसाच्या शेतांवरून येऊ लागला, तरीही वास आमच्या सोबतच होता. तेव्हा मात्र मी गाडी बाजूला घेण्यास सांगितले. जवळच्या चहावाल्याने फोन करून चौकातील एका मिस्त्रीस बोलाविले. तो स्कूटरवरून आला. मूळचा जळगावकडचा, आता सुरतेत उधन्यास राहणारा. सुरतेच्या उधना व लिंबायत भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे वसली आहेत. आमचे बोलणे ऐकताच त्याचा चेहरा खुलला.

“गाडी नवी शे का, भाऊ?” असे विचारून तो खाली वाकला आणि क्षणभरात हसू लागला. रस्त्यावर उडत असलेली साडीच्या वेष्टनाची प्लास्टिक पिशवी आमच्या सायलेन्सरला चिकटून वितळली होती. आम्हीही हसलो. भाच्याने तर खिशात हात घालून पैसे काढले.

पण मिस्त्री उठला नाही. इंजिन पुरते निवेपर्यंत त्याने आम्हाला चहा पिण्यास सांगितले. मग पिशवीचे अवशेष खरवडून काढले, बॉनेट उघडले, आरशाखालची अत्तराची बाटली काढून लांब ठेवावयास लावली आणि डोळे मिटून वास घेतला. “पिशवीचा वास गेला. हा दुसरा आहे,” तो म्हणाला. इंजिनास पुरवून उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी एक बारीक नळी असते. तिच्या तोंडावरील चिमटा नीट बसलेला नव्हता. तेथून थेंब थेंब डिझेल पाझरत होते, आणि खाली हातभर अंतरावर धुराची तापणारी नळी होती. दोन महिने अत्तराने जे झाकले होते, ते हेच.

डिझेल पेट्रोलासारखे चटकन पेट घेत नाही, हे खरे. पण अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर ते ठिणगीवाचूनही पेटू शकते, आणि धुराची नळी त्याहून पुष्कळ अधिक तापते. मागे लाकडी पलंग, पुढे आम्ही दोघे आणि डोक्यावर बँकेचा हप्ता, असा तो सारा संसार त्या एका चिमट्यावर चालला होता. मिस्त्रीने नळी पुसली, नवा चिमटा लावला, इंजिन सुरू केले आणि एक कोरा पुठ्ठा जवळ धरून थेंब पडतो का ते पाहिले. भाच्याने बोट पुढे करताच तो ओरडला. आजच्या डिझेल इंजिनात काही नळ्यांतील दाब हजार बारहून अधिक असतो. तेथून सुटलेली केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येते. गळती कधीही हाताने चाचपू नये.

घरी आल्यावर मी ह्या विषयावर थोडे वाचन केले, आणि जगात असेच काही मोठ्या प्रमाणावर घडून गेल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० ह्या काळात विकल्या गेलेल्या टोयोटा कंपनीच्या हायलक्स पिकअप, फॉर्च्युनर व प्राडो ह्या डिझेल गाड्यांच्या मालकांनी तक्रार केली की, धुराला घाणेरडा वास येतो व मागून पांढरा धूर निघतो. वर सांगितलेली काजळीची गाळणीच तेथे कारणीभूत होती. मोठ्या वेगाने सतत गाडी चालविली असता ती आपले काम नीट करू शकत नव्हती. २ लाख ६४ हजारांहून अधिक गाड्यांचा हा प्रश्न मालकांनी एकत्र येऊन न्यायालयात नेला. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये गाड्या सदोष असल्याचा निर्णय दिला. भरपाई किती द्यावी ह्याविषयीचा वाद मग अपिलात गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील हायकोर्टाने त्यावर निकाल दिला. मला ह्यात रकमेपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या दाव्याचे मूळ काय, तर वास आणि धूर! एका मालकाने म्हटले असते तर त्यालाही “नवी गाडी आहे” हेच ऐकावे लागले असते.

इतर वासांविषयी थोडक्यात सांगतो. गोडसर, पाकासारखा वास आला तर रेडिएटरातील रंगीत पाणी गळत असल्याचा संशय धरावा. ते विषारी असते, मुलांपासून व कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. मोठ्या डिझेल गाड्यांत युरियाचे पाणी वेगळ्या टाकीत घालतात. उन्हात तिचे झाकण उघडले असता नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो. त्यात भिण्यासारखे काही नाही, मात्र ते पाणी चुकून डिझेलच्या टाकीत ओतू नये. जळक्या वायरीचा वास मात्र एक क्षणही सोसू नये. गाडी थांबवावी, बंद करावी, उतरावे. नव्या गाडीत हा दोष पुष्कळदा कारखान्यातून येत नाही. आपण हौसेने रस्त्यावरच्या दुकानात जादा दिवे व गाणी वाजविण्याचे यंत्र बसवून घेतो, तेव्हा कापलेल्या वायरीतून तो येतो. आणि मग कंपनी हमी नाकारते, ती बऱ्याच अंशी न्यायानेच.

गुजरातेत व आता आपल्याकडेही सीएनजीवर चालणारे टेम्पो पुष्कळ झाले आहेत. त्या वायूस स्वतःचा वास नसतो. तो मुद्दाम मिसळावा लागतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत बिनवासाचा वायू साठून स्फोट झाला व सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर तेथे वायूत दुर्गंध मिसळणे सक्तीचे झाले आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. म्हणून टेम्पोत सडक्या कोबीसारखा वास आला तर नाक मुरडण्यापूर्वी टाकीची चावी बंद करावी.

नाकाच्याही मर्यादा आहेत. तोच वास काही मिनिटे घेत राहिले की नाक त्यास सरावते, आणि वास गेला असे आपणांस वाटते; म्हणून खाली उतरून, मोकळ्या हवेत श्वास घेऊन पुन्हा आत डोकवावे. काही वायूंच्या बाबतीत तेवढाही अवधी मिळत नाही. कडोदऱ्याहून फार दूर नसलेल्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि जवळच्या कापड कारखान्यातील ६ कामगार मृत्युमुखी पडले. आणि इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रात्री काचा बंद करून, इंजिन व एसी चालू ठेवून केबिनमध्ये झोपणाऱ्या चालकांना त्याची चाहूलही लागत नाही.

बारडोलीस सामान उतरवून आम्ही त्याच रात्री परतलो. दुसऱ्या दिवशी भाचा वर्कशॉपात गेला, तेव्हा मीही सोबत होतो. तेथील गृहस्थ अत्यंत सौजन्याने वागले, आणि सौजन्यानेच म्हणाले, “नवी गाडी आहे...” मी त्यांना जॉबकार्ड मागितले. मागील दोन्ही वेळची जॉबकार्डे भाच्याजवळ होती. त्यांत ‘तेल बदलले, गाडी धुतली’ एवढेच लिहिलेले होते. वासाचा शब्दही नव्हता. तक्रार तोंडी केली होती, आणि तोंडी केलेली तक्रार दुकानाच्या उंबऱ्याबाहेर टिकत नाही. ह्या वेळी भाच्याने आपल्या हाताने लिहिले: ‘बॉनेटखाली डिझेलचा वास. १,८०० किलोमीटरपासून वाढता. परतीच्या नळीचा चिमटा सैल होता, रस्त्यात बदलला. कृपया सर्व नळ्या तपासाव्यात.’ खाली तारीख घातली, मीटरवरचा आकडा घातला आणि त्या गृहस्थांची सही घेतली.

सही होताच गाडी लिफ्टवर चढली. नळी व चिमटा दोन्ही विनामूल्य बदलून मिळाले आणि दुसरा एक चिमटाही अर्धवट बसलेला सापडला. अत्तराची बाटली आता माझ्या बहिणीच्या कपाटात आहे. कपड्यांत ठेवण्यास तिचा बरा उपयोग होतो.