बटू गोबीची ओळख

गोबी हा बहुतांशी तळाशी राहणाऱ्या माशांचा मोठा गट. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारी निवटी त्याच गोतावळ्यातली. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळखडकांवर इव्हिओटा आणि ट्रिम्मा या प्रजातींचे (जवळच्या जातींचे समूह) दोन-तीन सेंटिमीटरचे गोबी राहतात. त्यांना मोठ्या माशाची पिल्ले समजले जाते, पण ते पूर्ण वाढलेले, अंडी घालणारे मासे असतात.

केवळ रंग पाहून जात ठरवणे ही दुसरी चूक, आणि ती सहज होणारी आहे. वडूजच्या स्टँडवर लाल एसटी अनेक उभ्या असतात. दहिवडीची कोणती, कराडची कोणती हे पाटी सांगते. या माशांची पाटी सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी लागते. डोळ्यांभोवतीची संवेदी छिद्रे (पाण्याची हालचाल टिपणाऱ्या नलिकांची तोंडे) कुठे आहेत, परांचे काटे किती, पोटाखालचे पर जुळलेले की सुटे, हे तपासतात. ट्रिम्माच्या डोक्यावर अशी छिद्रे नसतात. बहुतेक इव्हिओटांना असतात. रंगही उपयोगी, पण जिवंतपणीच्या छायाचित्रातला. जतन केलेल्या नमुन्यात लाल-पिवळ्या छटा उडून जातात.

यांतल्या काहींचे आयुष्यही आकारासारखेच छोटे: ग्रेट बॅरियर रीफवरच्या इव्हिओटा सिगिलाटाचे कमाल आयुष्य 59 दिवस नोंदले गेले आहे.